मदत हवी आहे: कांदेनवमीला 'इमाम बायिल्दी' (तुर्की भरलं वांगं) करायचं आहे, आणि एका तुर्की सूपबद्दल शंका

नमस्कार मंडळी. थोडं सविस्तर लिहिते, त्याशिवाय मला नेमकं काय हवं आहे ते कळायचं नाही.

आम्ही वर्धा जिल्ह्यातले, आर्वी तालुक्यात शेती आहे. लेक नोकरीसाठी इस्तंबूलला असते. गेल्या वर्षी एप्रिलमध्ये मी आणि माझ्या सासूबाई तिच्याकडे पंधरा दिवस राहून आलो. सासूबाई शहात्तर वर्षांच्या, माळकरी. जाताना त्यांनी ज्वारीचं पीठ, जवसाची चटणी, तिखट-मीठ, सगळं बांधून घेतलं होतं. पहिले तीन दिवस दहीभात आणि चटणी यापलीकडे त्यांनी काही खाल्लं नाही. दुकानाबाहेर फिरणारा मांसाचा तो उभा गोळा दिसला की पदर नाकाला लावून पुढे निघायच्या.

चौथ्या दिवशी लेक आम्हाला एमिनोन्यूच्या धक्क्यावरून बोटीने कादिकॉयला घेऊन गेली. तिथल्या बाजारामागच्या गल्लीत एक लहानशी लोकांता आहे. लोकांता म्हणजे आपल्याकडची खानावळच. सहा टेबलं, खिडकीत पुदिन्याची कुंडी, काचेमागे गरम भाज्यांचे ट्रे मांडलेले. नावं माहीत नसली तरी चालतं, बोट दाखवायचं आणि ते वाढून देतात. नवरा गल्ल्यावर, बायको आत रांधायला. लेकीने प्रत्येक ट्रेकडे बोट करून विचारलं, "एत वार म?" म्हणजे यात मांस आहे का. नसलं की ती बाई भुवया वर करून जिभेने "च्" करायची. मला आधी वाटलं आमच्या प्रश्नांना वैतागली. लेक म्हणाली, अगं, इकडे 'नाही' असंच म्हणतात.

सासूबाईंच्या पुढे आधी मसुराच्या डाळीचं सूप आलं. मर्जिमेक चोर्बासी. चोर्बा म्हणजे आपला शोरबाच. डाळ पार घोटलेली, वरून लोण्यात परतलेलं लाल तिखट, बाजूला लिंबाची फोड. मसूर आमच्याकडे फारशी शिजत नाही, पण त्या दोन वाट्या प्यायल्या. मग बुलगुरचा पुलाव, काकडी-पुदिन्याचं दही आणि इमाम बायिल्दी. अख्खं लांब वांगं, देठ तसाच, सालीचे पट्टे एकाआड एक सोललेले, पोट चिरून त्यात कांदा, लसूण, टोमॅटो. मसाला नाहीच. कांदा इतका मंद शिजवलेला की साखर घातल्यासारखा गोड, आणि ताटलीभर ऑलिव्हचं तेल पसरलेलं. गरमही नव्हतं. इमामसाहेबांना खाता खाता भोवळ आली म्हणून हे नाव पडलं म्हणतात. सासूबाईंनी पावाने तेल पुसून पुसून खाल्लं. ठेच्यावर कच्चं जवसाचं तेल घेऊन त्या वाढल्या आहेत, त्यांना त्या तेलाचं काहीच वाटलं नाही. म्हणाल्या, "हे तं आपल्या भरल्या वांग्यावाणीच लागते वं, पण यायनं खोबरं नाई टाकलं, दाणेबी नाई टाकले."

निघताना रांधणाऱ्या बाईंनी बाहेर येऊन त्यांचे दोन्ही हात हातात घेतले. दोघींना एकमेकींचा एक शब्द कळत नव्हता. लेकीने सासूबाईंना "एलिनिझे साअलिक" म्हणायला शिकवलं. रांधणाऱ्याला म्हणतात ते, तुमच्या हातांना आरोग्य लाभो. उरलेल्या दिवसांत आम्ही तिथे आणखी चारदा जेवलो.

तेव्हापासून सासूबाई 'ते वांगं' मागतात. आषाढी एकादशीला चातुर्मास लागला की आमच्याकडे कांदा, लसूण, वांगं तिन्ही बंद, ते थेट चंपाषष्ठीपर्यंत. म्हणून कांदेनवमीला हेच करायचं मी ठरवलं आहे. अडचणी अशा:

वांगं. आमच्या बाजारात भरायची काटेरी, गोल वांगीच जास्त येतात. मागच्या महिन्यात त्यांचंच करून पाहिलं. शेंगदाण्याच्या तेलात केलं तर दाण्याचाच वास वर आला, सोयाबीन तेलात केलं तर गार झाल्यावर तोंडाला चिकट लागलं. आणि देठाजवळ कच्चं राहून खालून लगदा झाला. लांब वांगी मिळाली तर आधी तळून मग भरायची की कच्चीच भरून मंद आचेवर ठेवायची? ऑलिव्हच्या तेलाची बाटली आमच्याकडे फार महाग पडते. अर्धं ते आणि अर्धं साधं असं कोणी केलं आहे का?

बुलगुर. लेक सांगते की गहू उकडून, वाळवून भरडलेला असतो, म्हणून दलियाची चव त्याला येत नाही. घरी बन्सी गहू आहे, जातं आहे. पण गहू कितपत उकडायचा? दाणा फुटेपर्यंत, की फुटायच्या आत काढायचा? उन्हात वाळवायचा की सावलीत? मृग लागायच्या आत करायला हवं, नंतर गच्चीवर काही वाळणार नाही.

आता ज्यासाठी खरं तर हा धागा काढला ते. परवा लेक फोनवर सहज बोलून गेली की तिच्या ऑफिसातली मैत्रीण चोर्बा नेहमी हाडांच्या पाण्यात करते, पुलावही कधी कोंबडीच्या पाण्यात. माझ्या पोटात गोळाच आला. आम्ही मांस आहे का एवढंच विचारलं होतं, मांसाचं पाणी आहे का हे विचारलंच नाही. त्या बाईंनी खोटं सांगितलं असं मी मुळीच म्हणत नाही, त्यांनी प्रश्नाचं खरं उत्तर दिलं असणार. पण त्या माउलीने पाच वेळा ते सूप प्यायलं, तेही माझ्या भरवशावर. कापूस वेचणी आटोपली की फेब्रुवारीत पुन्हा जायचं आहे आणि त्यांना त्याच लोकांतेत जेवायचं आहे. तिकडे राहणाऱ्यांनी कृपया सांगा, हे नेमकं कसं विचारायचं? आणि कोणते पदार्थ डोळे मिटून घ्यावेत?

---

दोन दिवसांनी भर: सगळ्यांचे मनापासून आभार. इतक्या जणांनी लिहिलं, तेही रात्री उशिरापर्यंत.

वाक्य मिळालं, वहीत लिहून ठेवलं: "इचिंदे एत सुयु वार म?" म्हणजे यात मांसाचं पाणी आहे का. कोंबडीसाठी 'तावुक सुयु' वेगळं विचारायचं. चोर्बा कोणी साध्या पाण्यात करतं, कोणी हाडांच्या, दुकानागणिक फरक, हेही कळलं. ऑलिव्हच्या तेलातल्या गार भाज्यांना 'झेयतिन्याली' म्हणतात आणि त्यात सहसा मांस नसतं, म्हणजे वांग्याची काळजी मिटली. मात्र 'कार्नियारिक' तसंच दिसतं आणि त्यात खिमा असतो, ही सूचना फार मोलाची. द्राक्षाच्या पानांच्या गुंडाळ्याही दोन्ही तऱ्हेच्या असतात म्हणे, विचारूनच घेऊ.

काल सासूबाईंना सूपाचं सांगून टाकलं. लपवून ठेवणं मला जमेना. त्या बराच वेळ माळ ओढत बसल्या. मग म्हणाल्या, "तू विचारलं होतं ना? मंग झालं. आता जाशीन तं पाण्याचंबी विचारजो." आज सकाळी चहा झाल्यावर त्यांनीच विचारलं, वांगी कधी आणतं?

वांग्याचं बहुतेकांनी एकच सांगितलं: लांब वांगी, मिठाच्या पाण्यात अर्धा तास, आधी तेलात नरम करून मग भरायची, आणि झाकण ठेवून अगदी मंद आचेवर. तसंच करते.

बुलगुरचं मात्र अजून अडलं आहे. पावभर बन्सी गहू उकडून गच्चीवर धोतरावर पसरला आहे. वरून कडक झालाय, पण दाताखाली आतून अजून ओलसर लागतो, आणि दुपारपासून पश्चिमेला आभाळ भरून येतंय. असाच भरडला तर जात्याला चिकटेल का? की लोखंडी कढईत मंद आचेवर थोडा कोरडा करून घेऊ? कोणी केलं असेल तर आज संध्याकाळपर्यंत सांगा.