सहावीत तत्त्वज्ञानाचा तास: ४८ मुलं, ३५ मिनिटं. कसं जमवायचं?

करवीरच्या बाई:
कोल्हापुरातली मराठी शाळा, सहावी, पट ४८, बाक जड. मुलांनीच प्रश्न काढायचे आणि आपसांत बोलून उत्तराचा माग घ्यायचा, असा तास आठवड्यातून एकदा असतो. बोलतात मात्र तीच चार-पाच मुलं, आणि प्रत्येक चर्चा "ज्याचं त्याचं मत असतं, बाई" यावर येऊन थांबते. काय बदलावं?

खडूफळा:
बाई, ४८ जणांचा एकच गोल करू नका, मागची पोरं झोपतात. बाकही हलवू नका, त्यातच दहा मिनिटं जातील. व्हरांड्यात सतरंजी घाला. जोड्या पाडा: २४ जण आतल्या गोलात, प्रत्येकाच्या पाठीमागं त्याचा जोडीदार. मागच्याला एकच काम, पुढच्यानं कारण दिलं का ते टिपायचं. बारा मिनिटांनी अदलाबदल.

एका तासात सगळं कोंबू नका. पहिल्या तासाला उतारा ५ मिनिटं, गप्प बसून विचार १ मिनिट, मग चौघांत मिळून एक प्रश्न. बारा प्रश्न फळ्यावर आले की मतदान. चर्चा दुसऱ्या तासाला. मतदान डोळे मिटून घ्या आणि फळ्यावर गटाचं नाव लिहू नका, नाहीतर मतं दोस्ताला पडतात.

पेठेतला मास्तर:
खडूफळा सरांची बैठक ठीक, पण खरी गोची उताऱ्यात असते. तात्पर्यवाली गोष्ट दिलीत की मुलं तात्पर्यच म्हणून दाखवणार. मॅथ्यू लिपमन यांनी अमेरिकेत १९७० च्या दशकात ही पद्धत रुजवली, तेव्हा मुद्दाम अशा कथा लिहिल्या ज्यांत वर्गातली मुलंच कोड्यात पडतात.

आपल्याकडं आयता विषय आहे. शाहू महाराजांनी १९१७ साली प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं. मूल शाळेत न धाडणाऱ्या पालकाला महिना १ रुपया दंड. यावर आलेले प्रश्न आधी चाळा. "दंड किती होता?" याचं उत्तर पुस्तकात आहे, बाजूला ठेवा. "भल्यासाठी कुणावर सक्ती करता येते का?" हा घ्या.

करवीरच्या बाई:
पण इथंही "ज्याचं त्याचं मत" आलंच तर?

पेठेतला मास्तर:
मग तेच वाक्य तपासायला घ्या. "मग दंड घेणं आणि न घेणं दोन्ही बरोबर का?" असं विचारा. कुणी "नाही" म्हणालं की "कशावरून?" आणि लगेच उलटं उदाहरण मागा: पोराला शेतावर नेल्याशिवाय ज्या घरात चूल पेटत नाही, त्याचं काय? प्रश्न टाकल्यावर निदान तीन सेकंद गप्प राहा. बहुतेक शिक्षक एका सेकंदातच पुढं बोलतात आणि मग तीच चार-पाच मुलं हात वर करतात.

खडूफळा:
आणि "शाब्बास", "बरोबर" हे दोन शब्द त्या तासापुरते खिशात ठेवा. एकदा म्हटलं की बाकीची मुलं एकमेकांकडं बघायचं सोडून बाईंचा चेहरा वाचायला लागतात. "सायलीचं पटलं का? कुठल्या मुद्द्यावर?" एवढं पुरे.

शेवटची पाच मिनिटं वहीसाठी: माझं मत बदललं का, कुणाच्या बोलण्यानं? त्याला गुण देऊ नका. दिलेत की पुढच्या आठवड्यापासून सगळ्यांचंच मत बदलायला लागतं.