सपाट गवताळ पठार आणि खोल कॅन्यन एकाच शीटवर, कंटूर (समान उंचीच्या रेषा) किती मीटरचे घ्यायचे?

नकाशावेडा:
कोरड्या गवताळ भागाचा टोपो नकाशा करतोय, मधून खोल कॅन्यन गेलीये. २० मीटरचे कंटूर घेतले तर पठारावर जेमतेम दोन रेषा येतात आणि ५ चे घेतले की कडे नुसते काळे होतात. एसआरटीएमचा (अंतराळातून रडारने मोजलेल्या उंचीचा) दर ३० मीटरला एक आकडा देणारा डेटा वापरतोय, त्यात बाजूच्या अरुंद घळी दिसतच नाहीत, मी स्वतः उतरलोय त्यात म्हणून माहितीये की आहेत. काय करावं?

घळवाट:
२० च ठेवा, पठारावर मध्ये ५ मीटरच्या तुटक पूरक रेषा टाका, दरीत त्या टाकायच्याच नाहीत. कडा उभा असेल तिथे प्रत्येक पाचवी जाड रेषाच जाऊ द्या आणि बाकी कड्याची खूण काढा. पण त्या ५ च्या रेषा एसआरटीएममधून काढू नका प्लीज! तो २००० सालच्या फेब्रुवारीत स्पेस शटलवरच्या रडारने ११ दिवसांत घेतलेला डेटा, उंचीतली चूक १६ मीटरपर्यंत चालेल असं त्याचं ठरलेलं माप होतं, त्यातून निघालेल्या ५ च्या रेषा दिसायला छान पण खोट्या. आणि खोल दरीत रडारची सावली पडते, तिथले आकडे बऱ्याचदा मागाहून भरलेले असतात.

ड्रोनवाली:
घळींसाठी ड्रोनच. फक्त सरळ खाली बघणारे फोटो घेतले तर कड्याची भिंत मिळत नाही, कॅमेरा तिरका करून वेगळी फेरी मारा. कंट्रोल पॉइंट (जागा अचूक मोजलेल्या खुणा) काठावर आणि तळाला दोन्हीकडे हवेत, तळाला आकाशाची पट्टीच दिसते म्हणून जीपीएस भरकटतो, तिथे काठावरून टोटल स्टेशन (कोन आणि अंतर मोजणारं यंत्र) लावा. वाळलं गवत वाऱ्याने हलतं आणि सगळीकडे सारखंच दिसतं त्यामुळे फोटो नीट जुळत नाहीत, वारा पडलेला असताना उडवा.

जुनाशीट:
अमेरिकन नकाशाकार ब्रॅडफर्ड वॉशबर्न यांनी ग्रँड कॅन्यनचा १:२४,००० नकाशा केला तो बघाच, १९७८ ला छापला. हेलिकॉप्टरने सुळक्यांवर उतरून लेझरने अंतरं मोजली आणि कडे रेखाटायचं काम स्विस नकाशाकारांना दिलं. कड्याचा दगड कसा दाखवायचा ते त्यातून शिकायला मिळतं.

नकाशावेडा:
मनापासून आभार सगळ्यांचे. ५ च्या रेषा आजच काढून टाकल्या. ड्रोनची उंची आणि एसआरटीएमची उंची जुळत नाहीये पण, सगळीकडे जवळपास सारखाच फरक येतोय?

घळवाट:
ड्रोनचा जीपीएस एलिप्सॉइडपासून (पृथ्वीचा गुळगुळीत गणिती आकार) मोजतो, एसआरटीएम जिऑइडपासून (साधारण सरासरी समुद्रपातळी). आधी तो फरक वजा करा, मगच दोन्ही एकत्र जोडा.