घर विकायला काढलं म्हणून दार कोणालाही उघडायचं का?

मेधा, बोरिवली
आई-बाबांचा मुलुंडचा फ्लॅट विकायला काढलाय. दोघंही सत्तरीपुढची. ब्रोकरचा फोन येतो, "काकू, पार्टी खाली आलीये, वर आणतो." पार्टी कोण, नाव काय, काही पत्ता नाही. गेल्या रविवारी असेच चौघं आले. एकाने आईला बाल्कनीत गाठून पाणी किती वाजता येतं, मेंटेनन्स किती, विचारत ठेवलं. दुसरा "बाथरूम बघतो" म्हणत आतल्या खोलीत गेला. तिथे गोदरेजचं कपाट, किल्ली त्यालाच लटकलेली. गेलं काही नाही, पण जायला कितीसा वेळ लागतो?

माझं मत स्पष्ट आहे. आदल्या दिवशी नाव, मोबाईल नंबर आणि ओळखपत्र आल्याशिवाय घर दाखवू नये. घर भाड्याने देताना भाडेकरूची माहिती पोलिसांना कळवतो, मग विकताना अनोळखी माणूस थेट बेडरूमपर्यंत कसा चालतो? बाबांना हे पटत नाही. घरी आलेल्याकडे कागद मागायचा नसतो म्हणतात. तुम्हाला काय वाटतं?

संदीप, रिसेलची (आधीच्या मालकाकडून घर विकत देण्या-घेण्याची) कामं करतो
ताई, काळजी बरोबर आहे, अट चुकीची आहे. गिऱ्हाईक सुट्टीच्या दिवशी एका फेरीत पाच-सहा घरं बघतं. प्रत्येक मालकाला आधार कोण पाठवत बसेल? तुमचा फ्लॅट सोडून शेजारच्या विंगमधला बघतील. जबाबदारी ब्रोकरवर टाका. त्याने सगळ्यात आधी आत यायचं, सगळ्यात शेवटी बाहेर पडायचं, आणि सगळ्यांना एका वेळी एकाच खोलीत न्यायचं. ज्या ब्रोकरला हे जमत नाही त्याला काम देऊ नका.

श्रीकांत, दादर
मी आमच्या सोसायटीचा सेक्रेटरी आहे. संदीप, ब्रोकरवर सोडायचं म्हणता, पण ब्रोकर तरी एकच असतो का? मालक परदेशात, फ्लॅट बंद, आणि किल्ली तीन-तीन ब्रोकरांकडे, असं आमच्याकडेच झालंय. डुप्लिकेट किती निघाल्या कोणी सांगू शकलं नाही. नव्या मालकांना मी ताबा घेतला त्याच दिवशी लॅच बदलायला लावलं. ओळखपत्र घ्यायलाच हवं, आणि ब्रोकरचा महारेरा नंबरही, म्हणजे राज्याच्या रिअल इस्टेट प्राधिकरणाकडचा नोंदणी क्रमांक.

संदीप
काका, किल्लीचं शंभर टक्के मान्य. पण महारेराचं एक सांगतो. २०१६ च्या कायद्याने एजंटला नोंदणी लागते ती रेरात नोंदवलेल्या प्रकल्पातली घरं विकायला. मुलुंडच्या जुन्या सोसायटीतला रिसेल फ्लॅट त्यात येतोच असं नाही. म्हणजे नंबर नाही म्हणून माणूस लबाड ठरत नाही, आणि नंबर आहे म्हणून त्याने आणलेली पार्टी चांगली ठरत नाही. ब्रोकरचं ऑफिस कुठे आहे ते बघा, त्याने तुमच्या भागात कोणाची कामं केलीत ते विचारा.

शबाना, कुर्ला
मी गेलं वर्षभर घर शोधतेय. मेधाताई, तुमच्या मनात तसं नसेल, पण आमच्यासाठी "ओळखपत्र आधी पाठवा" म्हणजे "आडनाव आधी कळवा". नाव गेलं की उत्तर येतं, "मालकांनी विचार बदललाय." समोरासमोर भेट झाली तर निदान बोलणं तरी होतं. सुरक्षेसाठी केलेला नियम माणसं गाळायची चाळणी होतो, हे मी भोगलंय. शिवाय ते आधार पुढे कोणाकोणाच्या व्हॉट्सअ‍ॅपवर फिरतं? पाठवायचंच तर फक्त शेवटचे चार आकडे दिसणारं मास्क्ड आधार पाठवावं. मी तेही पाठवणार नाही.

श्रीकांत
शबानाताई, तुमच्याशी असं वागणारे मालक चूकच आहेत. पण त्यांच्यापायी सत्तरीच्या बाईने दारात कोण उभं आहे हे विचारूच नये का?

प्राजक्ता, चेंबूर
सगळे मालकाच्याच बाजूने बोलताय. बघायला जाणाऱ्या बाईचं काय? संध्याकाळी सातला रिकामा फ्लॅट, मजल्यावर अजून कोणी राहायला आलेलं नाही, ब्रोकरने आत घेतलं आणि मागे लॅच लागलं. मी तेव्हापासून दिवसाउजेडीच जाते, कोणाला तरी सोबत नेते, नाहीतर लाइव्ह लोकेशन बहिणीकडे चालू ठेवते. दार उघडं ठेवायला सांगते आणि ब्रोकरला पुढे चालायला लावते. वाईट वाटलं तर वाटू दे. ११२ स्पीड डायलवर आहे.

आणि बांधकाम चालू असलेल्या इमारती! सॅम्पल फ्लॅट एसी लावून दाखवतात, मग "तुमचा फ्लोर बघा" म्हणून कठडा नसलेल्या जिन्याने वर नेतात. एका ठिकाणी लिफ्टच्या डक्टच्या तोंडाला नुसता प्लायवूड टेकवलेला होता. तिथे लहान मुलं घेऊन आलेली कुटुंबं बघितलीत मी. हेल्मेट दिलं नाही तर वर जायचंच नाही. ओसी, म्हणजे राहायला परवानगी देणारा पालिकेचा दाखला, मिळालेली नसेल तर जास्तच जपायचं.

मेधा
शबाना, तुम्ही म्हणता तो धोका खरा आहे, त्यामुळे आधी ओळखपत्र पाठवायची अट नको. पण गेटवर वॉचमनला दाखवायचं, फोटो न काढता, आणि रजिस्टरमध्ये नाव-नंबर लिहून तो नंबर तिथेच मिस्ड कॉल देऊन तपासायचा. हे सगळ्यांना सारखंच, ब्रोकरलाही. संदीपदादा, "पार्टी खाली आलीये" हा फोन मात्र बंद. वेळ आदल्या दिवशी ठरणार, आणि मी किंवा भाऊ घरी असू तेव्हाच घर दाखवणार. दागिने लॉकरमध्ये टाकलेत. जाहिरातीतले देव्हारा आणि कपाट दिसणारे फोटोही काढून टाकतेय.

शबाना
गेटवर दाखवायला माझी ना नाही.

संदीप
वेळ ठरवू ताई, पण मधल्या वारी गिऱ्हाईक आलं तर? दोन महिन्यांचं काम सहा महिने चालेल.

मेधा
चालू दे.

श्रीकांत
मला मिस्ड कॉलवर भरवसा वाटत नाही. सिम कोणाच्याही नावावर असतं. आमच्या गेटवर ओळखपत्राची नोंद होणारच.