आतड्याच्या कॅन्सरनंतर : इंदूरकरांनो, आपापलं सांगा

ऑपरेशन-केमोचं ऐकायला सगळे असतात. उपचार संपले की "आता बरं आहे ना?" विचारून मोकळे होतात. त्यापुढचं लिहूया. सुरुवात माझ्यापासून.

2019 मध्ये गुदाशयात गाठ निघाली. वर्षभर रक्त पडत होतं, मी मूळव्याध समजून इसबगोल घेत बसलो होतो. ऑपरेशननंतर पाच महिने पोटावर पिशवी, शौच तिच्यातच जमा व्हायची. ती निघाली तेव्हा वाटलं, सुटलो. कसलं काय! दिवसातून बारा वेळा पळापळ. साठवायची जागाच कापून टाकली, तर थांबणार कुठे? इंदूर 2017 पासून स्वच्छतेत पहिलं येतंय, त्याचा खरा फायदा मी उचलला. राजवाड्यापासून सराफ्यापर्यंतची शौचालयं मला तोंडपाठ आहेत. हळूहळू बाराचे चार झाले. यंदा थंडीत सराफ्याच्या खाऊगल्लीत गराडू, म्हणजे तळलेला कंद, खाल्ले, वरचा जिरावण मसाला न टाकता. बायको म्हणाली, "मग घरीच बटाटा उकडून दिला असता."

मालव्याची लेक :
दादा, तुमची पिशवी गेली, माझी कायमची आहे. सहा वर्षं झाली. स्टोमाचं, म्हणजे पोटावर काढलेल्या आतड्याच्या तोंडाचं, माप घेऊन पिशवीची चिकट चकती कात्रीने कापायची. भोक जरा मोठं झालं की भोवतालची कातडी सोलवटते. आधी हात थरथरायचे, आता कुकरच्या तीन शिट्यांत काम होतं. माझं खरं दुखणं साडीचं. परकराची नाडी नेमकी स्टोमावर यायची. शेवटी रुंद पट्टीचे परकर शिवून घेतले. पिशवी तिसरा हिस्सा भरली की रिकामी करते, जड होऊ देत नाही. पुतणीच्या मंगळागौरीत फुगडी घातली. पिशवी जागची हलली नाही. जाऊबाईंचा मात्र जीव वर-खाली.

छप्पनवाला :
केमो संपून दीड वर्ष. ऑक्सॅलिप्लॅटिन या केमोच्या औषधाने बोटं अजून बधिर. वरचं बटण आई लावून देते, वय वर्षं 34! बाकी झकास, पोहे-जलेबी चालू.

धाकटी बहीण :
भावाला 46व्या वर्षी निघाला, म्हणून डॉक्टरांनी मलाही कोलोनोस्कोपी, म्हणजे कॅमेऱ्याच्या नळीने आतड्याची तपासणी, करायला लावली. पॉलिप, म्हणजे आतड्याच्या आतला छोटा कोंब, सापडला, तिथल्या तिथे काढला. तपासणीचं काही नाही हो, आदल्या रात्री ते औषधाचं पाणी पिणं हीच शिक्षा. ताई, शिंपी कुठला? भावाच्या पायजम्याचंही तेच रडगाणं आहे.

मालव्याची लेक :
मल्हारगंजात. पण कारण सांगू नका, मी त्याला फॅशन म्हणून सांगितलंय.