सिझर ठरलंय, 'रक्ताची सोय करा' म्हणजे नक्की काय करायचं? (मदत हवी आहे)

धायरीकरीण
पुढच्या आठवड्यात सिझर आहे. हॉस्पिटलने चिठ्ठी दिलीय, 'रक्ताची सोय करून ठेवा, १ पिशवी'. काउंटरवर विचारलं तर 'रक्तपेढीत जा' एवढंच. कुठल्या? कधी? नवरा म्हणतोय आजच पिशवी आणून हॉस्पिटलच्या फ्रीजमध्ये ठेवू, म्हणजे डोक्याचा ताप गेला. चालेल ना? लवकर सांगा.

खडीसाखर
रक्तगट? कितवा आठवडा? पहिलं की दुसरं? सिझर कशासाठी? हिमोग्लोबिन किती? यातलं काहीच न सांगता 'लवकर सांगा'!

पेठेतला
पिशवी आजच आणू नका. पिशवीतल्या लाल पेशी २ ते ६ अंशांत ठेवाव्या लागतात. साध्या फ्रीजमध्ये मागच्या बाजूला गोठतात, दारापाशी तापतात. गोठल्या की फुटतात, आणि मग ते रक्त देणं धोक्याचं. अर्ध्या तासाहून जास्त वेळ बाहेर राहिलेली पिशवी रक्तपेढी सहसा परत घेत नाही. हॉस्पिटलकडे परवान्याचं रक्त साठवणूक केंद्र असेल तरच तिथे ठेवतात. छोट्या प्रसूतिगृहात बहुधा नसतं, तरी विचारा.

तुम्हाला पिशवी आणायची नाहीये, राखून ठेवायचीय. हॉस्पिटल तुमच्या रक्ताचा नमुना आणि डॉक्टरांच्या सहीचा मागणी अर्ज देतं. रक्तपेढी तो नमुना जुळवून पिशवी तुमच्या नावाने बाजूला ठेवते. लागलं तरच आणायची. बहुतेक सिझरमध्ये लागत नाही.

बीटखजूर
रक्त बाहेरून घ्यायचंच कशाला? रोज एक बीट, पाच खजूर, काळ्या मनुका. हिमोग्लोबिन आपोआप चढतं.

खडीसाखर
आठवड्याभरात बिटाने हिमोग्लोबिन चढत नाही हो. गोळ्यांनाही काही आठवडे लागतात, शिरेतून लोह दिलं तरी परिणाम दिसायला दोन-तीन आठवडे जातात. आणि गोळीवर चहा किंवा कॅल्शियमची गोळी घेतली तर आहे तेही शोषलं जात नाही.

धायरीकरीण
पहिलंच. हिमोग्लोबिन ९.६. बाळ पायाळू आहे म्हणून सिझर. आज ३७ पूर्ण. मग नमुना उद्या देऊन टाकू का?

पेठेतला
नको. गरोदरपणात जुळवणीचा नमुना तीन दिवसांपेक्षा जुना चालत नाही, कारण या काळात शरीरात नवीन प्रतिपिंडं (अँटीबॉडीज) तयार होऊ शकतात. उद्या दिलात तर पुन्हा द्यावा लागेल. तारीख कधीची?

धायरीकरीण
अनंत चतुर्दशीच्या आदल्या दिवशी. हॉस्पिटल सदाशिव पेठेत.

मंडळाचा_कार्यकर्ता
अरे देवा. चतुर्दशीला लक्ष्मी रोड, टिळक रोड, कुमठेकर, केळकर सगळे बंद. मिरवणूक दुसऱ्या दिवसापर्यंत चालते. धायरीहून यायचं तर आधीच्या रात्रीच दाखल व्हा.

कर्वेनगरकर
आणि त्या डीजेच्या भिंतींचं काय? बाळंतिणीने झोपायचं कसं? पूर्वी ढोल-ताशा होता तेव्हा

मंडळाचा_कार्यकर्ता
ढोलाचाही आवाज होतोच की. उगाच डीजेवर घसरू नका.

पेठेतला
मिरवणुकीचा वेगळा धागा काढा. ताई, पिशवी लागली तर ती सिझरच्या वेळी किंवा त्यानंतरच्या २४ तासांत लागण्याची शक्यता जास्त, म्हणजे नेमकी मिरवणुकीत. नमुना सिझरच्या आदल्या दिवशी सकाळी द्या. पेढी अशी निवडा की लक्ष्मी रोड न ओलांडता चालत किंवा दुचाकीवर जाता येईल. साठा ई-रक्तकोश या सरकारी संकेतस्थळावर दिसतो, पण फोन करून खात्री करा. आणताना बर्फाचा डबा घ्या, पिशवी बर्फाला थेट चिकटू देऊ नका.

खडीसाखर
थांबा. आज ३७ पूर्ण, म्हणजे त्या दिवशी जेमतेम ३८ होतील. ठरवून करायचं सिझर शक्यतो ३९ पूर्ण झाल्यावर करतात, आधी काढलं तर बाळाला श्वासाचा त्रास होण्याची शक्यता वाढते. हीच तारीख का? रक्तदाब, पाणी कमी, वाढ खुंटलेली, असं काही आहे?

धायरीकरीण
तसं काही नाही. पौर्णिमेपासून पितृपक्ष लागतो ना. घरचे म्हणाले त्याच्या आत होऊ दे. डॉक्टर म्हणाले, 'तुमची इच्छा असेल तर करू.'

जोशीबुवा
योग्यच आहे. चतुर्दशीच्या आतच घ्या. वेळ काढून हवी असल्यास व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा.

खडीसाखर
बुवा, पितृपक्षात जन्मलेली मुलं ठणठणीत असतात. ताई, डॉक्टरांना सरळ विचारा, '३९पर्यंत थांबलो तर काय बिघडेल?' थांबायचं ठरलंच तर हिमोग्लोबिनसाठी शिरेतून लोह घेता येईल का, तेही विचारा. मात्र बाळ पायाळू आहे, त्यामुळे थांबताना एक पक्कं. पाणी गेलं की वाट बघत बसायचं नाही, कुशीवर आडवं होऊन ताबडतोब निघायचं. नाळ आधी खाली सरकण्याची भीती असते. आणि सिझरच्या सकाळी सोनोग्राफी करून बाळ फिरलंय का ते बघायला सांगा.

सरकारीच_बरं
सरकारी रुग्णालयात गेलात तर जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमात (२०११) सिझर, औषधं, रक्त, सिझरनंतर ७ दिवसांचं जेवण, घरी सोडायला गाडी, सगळं मोफत.

धायरीकरीण
हे मी विचारलं नव्हतं, पण बरं. रक्तगट बी निगेटिव्ह आहे, त्याने फरक पडतो का?

पेठेतला
पहिल्याच ओळीत लिहायची गोष्ट! निगेटिव्ह पिशव्या आधीच कमी असतात. बी निगेटिव्ह नसेल तर ओ निगेटिव्हच्या लाल पेशी चालतात, दोन्ही विचारा. पेढीला आजच फोन करून आगाऊ सांगा, नमुना नंतर द्या. २८व्या आठवड्यात अँटी-डी (निगेटिव्ह गटाच्या आईला देतात ते इंजेक्शन) घेतलं होतं का? घेतलं असेल तर ते तारखेसकट अर्जावर लिहून घ्या. त्याचा अंश तपासणीत प्रतिपिंड म्हणून दिसू शकतो आणि जुळवणी रेंगाळते.

खडीसाखर
बाळाचा गट पॉझिटिव्ह निघाला तर तुम्हाला ७२ तासांत पुन्हा अँटी-डी लागेल. नाळेच्या रक्तातून बाळाचा गट तपासायला आधीच सांगून ठेवा. औषधाच्या दुकानात ते नेहमी मिळेलच असं नाही, त्यात मिरवणूक. आधी घेऊन ठेवणार असाल तर फ्रीजमध्ये, पण बर्फाच्या कप्प्यात नाही.

स्टेमसेल_सल्ला
नाळेचं रक्त काढणारच आहात, तर बँकेतही

खडीसाखर
त्यांनी विचारलेलं नाही.

धायरीकरीण
अँटी-डी घेतलंय, फाईलमध्ये आहे. उद्या डॉक्टरांना तारखेचं विचारते. सासूबाईंना कोण सांगणार तो प्रश्न आहेच. आत्ता चिठ्ठी नीट बघितली, गटाच्या जागी नुसतं 'बी' लिहिलंय. मीच पुढे निगेटिव्ह लिहू का?

पेठेतला
अजिबात नको. खाडाखोड दिसली तर पेढी चिठ्ठी परत पाठवते. डॉक्टरांकडून नवीन लिहून घ्या. नमुन्याच्या नळीवर पूर्ण नाव आणि नोंदणी क्रमांक रक्त काढतानाच, तुमच्यासमोर लिहायला लावा. अर्जावर माहेरचं नाव आणि नळीवर सासरचं असं झालं तरी हेलपाटा पडतो.