भाषेच्या तासाला ‘करून दाखवा आणि बोला’ : तुमचे अनुभव लिहा

काल रात्री लेक आरशासमोर उभी राहून बुटाची नाडी बांधत होती. बूट पायात नाही, टेबलावर. तोंडाने चालू, "आता डावं टोक उजव्याच्या वरून..." आणि मध्येच थांबून म्हणाली, "आई, माझं डावं म्हणजे त्यांचं उजवं ना गं?" भाषेच्या तासाला तिचं पाच मिनिटांचं प्रात्यक्षिक भाषण आहे. एखादी गोष्ट वर्गासमोर करायची आणि करता करता ती शब्दांत सांगायची.

मी गप्पच झाले. सातवीत माझा विषय हाच होता आणि हे तिला कधी सांगितलंच नव्हतं.

मी पुठ्ठ्याला भोकं पाडून एक लाल आणि एक निळी नाडी ओवली होती. कल्पना बाईंची, म्हणजे डावं-उजवं म्हणायलाच नको. तरी पहिल्याच मिनिटाला मी "डावी" म्हणाले आणि अर्ध्या वर्गाचे हात एकीकडे, अर्ध्यांचे दुसरीकडे. बाई मागून उठून आल्या, खांदे धरून मला चक्क फळ्याकडे वळवलं. "हात डोक्याच्या वर धर, आता सांग." वर्गाकडे पाठ केल्यावर माझं डावं तेच त्यांचं डावं झालं. चेहरे दिसेनासे झाले तशी भीतीही गेली. आवाज मात्र दुप्पट काढावा लागला.

शेवटी म्हणाले, "मग अशी गाठ मारायची." बाई म्हणाल्या, "कशी गाठ?" माझ्याकडे ‘गाठ’ हा एकच शब्द होता. तेव्हा त्यांनी सांगितलं, टोक ओढलं की सुटते ती सुरगाठ, सुटता सुटत नाही ती निरगाठ. ते दोन शब्द मला त्या दिवशी मिळाले, आणि गाठ मारताना अजून आठवतात.

तुम्ही काय दाखवलंत, कुठे अडलात, लिहा. शिकवणाऱ्यांनीही लिहा. लेकीचं भाषण परवा आहे.

मधली सुट्टी
सायकलची चेन. टेबलावर सायकल उलटी, हात काळे, आणि तोंड बंद. मित्र नंतर म्हणाला, दीड मिनिट तू एक शब्द बोलला नाहीस. जेव्हा बोललो तेव्हा "हे असं घ्यायचं, असं टाकायचं". सर दर ‘असं’ला फळ्यावर एक रेघ ओढत होते. एकवीस रेघा. मग म्हणाले, आता हात पाठीमागे बांध आणि तेच पुन्हा सांग.

ते दुसरं भाषण खरं. "चेन आधी मागच्या दात्यांवर चढवा, मग पुढच्या चक्राच्या वरच्या दात्यांत अडकवा आणि पॅडल हळू फिरवा." चढवा, अडकवा, फिरवा. हातांना हे सगळं येत होतं, जिभेला त्या दिवशी आलं. अजूनही कुणाला फोनवर दुरुस्ती सांगायची असली की मी हात मागे घेतो.

कोरी पाटी
सुरगाठ-निरगाठ वाचून आजी आठवली. दोघांत अबोला झाला की "निरगाठ बसली गं त्यांची" म्हणायची. अवांतर झालं. बसमध्ये आहे, नंतर सविस्तर लिहिते.

उलट सुलट
माझं विणकाम होतं आणि मी डावखुरी. सुलट टाका, उलट टाका हे शब्द आईकडून आलेले, म्हणून तिथे अडले नाही. पण मी दाखवत होते ते उजव्या हाताच्या मुलींना समोरून जसंच्या तसं दिसत होतं, जणू आरसाच. त्या पटापट शिकल्या! वर्गातला दुसरा डावखुरा मुलगा तेवढा गोंधळला. मग त्याला शेजारी बसवून घेतलं आणि तो पहिल्यांदाच कुणाचं तरी बघून सरळ शिकला. चेहरा अजून आठवतो त्याचा. शिकवणाऱ्यांनो, दर वर्गात अशी एक-दोन मुलं असतात हो.

कोरी पाटी
@उलट सुलट, अगं मीपण डावखुरी! कात्रीचं दुःख तुला सांगायला नकोच. लहान मुलांचा गोल गळा कसा विणतेस? व्यक्तिगत निरोप करू का?

उलट सुलट
कर की. रात्री लिहिते, आत्ता कुकरपाशी उभी आहे.

खडूची धूळ
मी भाषा शिकवते, हा उपक्रम दरवर्षी घेते, म्हणून जरा लांबण लावते.

पहिली अडचण वेळ. पाच मिनिटांत डिंक वाळत नाही, रंग सुकत नाही. म्हणून प्रत्येक टप्प्याचा एक तयार नमुना आणायला सांगते. अर्धा झालेला, पाऊण झालेला, पूर्ण. मुलांना ही लबाडी वाटते, "बाई, आधीच करून आणायचं?" ती लबाडी नाही, बघणाऱ्याच्या वेळेची काळजी आहे, हे पटवायला मला एक तास लागतो.

दुसरी अडचण शेवटचा बाक. एकाने वहीच्या पानाएवढ्या कागदाचा करकोचा केला, मागे काहीच दिसलं नाही. पुढच्या वर्षी त्याच्या बहिणीने वर्तमानपत्राचं अख्खं पान चौकोनी कापून आणलं. घडी पडल्याचा आवाजसुद्धा मागे ऐकू येत होता.

गुण मी करकोच्याला देत नाही. बिघडला तरी चालतो. क्रियापदं ऐकते. ‘करा’ आणि ‘घ्या’वर सगळं भाषण रेटणारा मुलगा आणि ‘दुमडा, मुडपा, चिमटीत धरा, नखाने घडी दाबा, पोटात हवा भरा’ म्हणणारा मुलगा, यांच्यात माझ्या दृष्टीने फार मोठं अंतर आहे. आपल्या भाषेत हाताच्या कामांना इतके नेमके शब्द आहेत आणि मुलं ते न वापरताच मोठी होतात, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

पायरीवर बसलेला
‘मुडपा’!! किती वर्षांनी वाचला हा शब्द.

हळू बोल
मी अडखळत बोलतो. तेव्हा फारच. वाचन, पाठांतर, सगळ्याला गैरहजर राहायचो. या भाषणाला बाईंनी सोडलं नाही. मोडलेल्या छत्रीची काडी तारेने कशी जोडायची हे घेतलं.

पहिलं वाक्य अडकलं. नेहमीसारखी शांतता. पण यावेळी सगळे माझ्या तोंडाकडे नाही, हातांकडे बघत होते. तार पिळायला जितका वेळ लागतो तितका वेळ थांबणं तिथे साहजिकच होतं. शब्द आला की बोललो, नाही आला की पीळ दिला. पाचाची नऊ मिनिटं झाली, बाईंनी घड्याळ बघितलं नाही. एवढंच लिहायचं होतं.

मधली सुट्टी
वाचून थांबलो जरा. लिहिलंत हे बरं केलंत.

खडूची धूळ
@हळू बोल, उद्या माझ्या वर्गात असाच एक मुलगा बोलणार आहे. मी पाच मिनिटांची घंटा ठेवते. उद्या काढून टाकते.

सहा रंग
मी रुबिकचा क्यूब सोडवला होता. एका मिनिटाच्या आत. टाळ्या कडकडून. सर म्हणाले, "दाखवलंस छान, सांगितलंस काय?" वर्गातल्या एकालाही काही आलं नव्हतं. दुसऱ्यांदा फक्त पांढरा क्रॉस, म्हणजे एका बाजूवर पांढऱ्या चौकोनांची फुली, कसा करायचा तेवढंच घेतलं, तर चौघांना जमला.

एर्नो रुबिक स्वतः शिकवायचे, १९७४ मध्ये त्यांनी तो बनवला, आणि स्वतःचाच क्यूब पहिल्यांदा सोडवायला त्यांना जवळजवळ महिना लागला होता. त्याच्या मांडण्या ४३ वर १८ शून्यं, त्याहूनही जरा जास्त.

पायरीवर बसलेला
कोणती पद्धत वापरता? मी थर-थराने करतो, शेवटच्या थरात नेहमी अडकतो.

सहा रंग
थर-थरानेच सुरू करा. शेवटच्या थरात आधी पिवळा क्रॉस, कोपऱ्यांची घाई नको. वेगळा धागा काढू, इथे नको.

विझलेली वात
मेणबत्ती. विझवल्यावर जो पांढरा धूर निघतो त्याला वरून पेटती काडी लावली की ज्योत धुरातून खाली उतरते आणि वात पुन्हा पेटते, कारण तो धूर म्हणजे मेणाची वाफ. बाई पाण्याची बादली घेऊन शेजारी उभ्या. वारा यायचा म्हणून खिडक्या लावल्या, तीनदा फसलं, चौथ्यांदा ज्योत उतरली आणि मी बोलायचं विसरून स्वतःच "आईशप्पथ" म्हणालो.

शास्त्रज्ञ मायकेल फॅरडे लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये मुलांना हेच दाखवायचे हे पुढे कॉलेजात कळलं. तिथली नाताळची व्याख्यानं १८२५ साली सुरू झाली, त्यातल्या १९ मालिका त्यांच्या. मेणबत्तीवरच्या सहा व्याख्यानांत सुरुवात करायची घरातल्या मेणबत्तीपासून आणि पोचायचं थेट आपल्या श्वासापर्यंत. साधी वस्तू घेतली म्हणून विषय लहान होत नाही. धागाकर्तीच्या लेकीला नक्की सांगा, नाडी हा उत्तम विषय आहे.

उशी आणि मी
प्रथमोपचार. हृदय बंद पडलेल्या माणसाची छाती कशी दाबायची, ते उशीवर. मी म्हणत राहिले, "जोरात दाबा, भरभर दाबा." मॅडम म्हणाल्या, जोरात म्हणजे किती? भरभर म्हणजे किती? मला आकडे पाठ होते पण घाबरून सुटले होते. मोठ्या माणसाला निदान ५ सेंटीमीटर, ६च्या पुढे नाही, मिनिटाला १०० ते १२० वेळा, कोपर न वाकवता. मग सगळ्या वर्गाने बाकावर त्या गतीने ठेका धरला. आज मी नर्स आहे, नवीन मुलींना शिकवताना तोच ठेका आधी धरायला लावते.

पायरीवर बसलेला
ठेक्यावरून आठवलं. १९९० मध्ये स्टॅनफर्डला एलिझाबेथ न्यूटन यांनी लोकांना ओळखीच्या गाण्यांचा ठेका टेबलावर वाजवायला लावला. वाजवणाऱ्यांना वाटलं, निम्मी गाणी तरी ओळखली जातील. १२० पैकी ओळखली गेली ३. वाजवणाऱ्याच्या डोक्यात गाणं चालू असतं ना, ऐकणाऱ्याला नुसती टकटक. @मधली सुट्टी, तुमचे एकवीस ‘असं’ म्हणजे हेच.

मधली सुट्टी
अगदी! माझ्या डोक्यात चेन फिरत होती.

धागाकर्ती
सगळ्यांचं वाचलं, बरंचसं लेकीला मोठ्याने वाचून दाखवलं. आज झालं भाषण. फळ्याकडे वळून उभी राहिली, हात डोक्याच्या वर. ‘असं’ तीनदा आलं म्हणे, मैत्रिणीने मोजले. ‘सुरगाठ’ म्हणाल्यावर तिच्या मॅडमनी तो शब्द फळ्यावर लिहिला.

पण एकाने विचारलं, सुरगाठ ओढल्यावर सुटते, मग चालताना कुणी न ओढता का सुटते? तिला उत्तर देता आलं नाही, घरी येऊन तेच धरून बसली आहे. कुणाला माहीत आहे का?

विझलेली वात
आहे! २०१७ मध्ये बर्कलीच्या विद्यापीठातल्या अभियंत्यांनी पळताना नाडीचं चित्रण करून पाहिलं होतं. पाऊल जमिनीवर आपटतं तो धक्का गुरुत्वाकर्षणाच्या सातपट. त्याने गाठ ताणून सैल होते, आणि पाय पुढे झुलताना मोकळी टोकं चाबकासारखी फटकारतात, तीच ओढतात. दोन्ही मिळून सुटते. आणि एक बघायला सांगा. खालची गाठ आणि वरचं नाडीचं फुलपाखरू, दोन्ही वेळा एकाच बाजूने वळवलं असेल तर फुलपाखरू बुटावर उभं बसतं आणि लवकर सुटतं. दुसऱ्या वेळी उलट्या बाजूने घेतलं तर ते आडवं बसतं आणि टिकतं.

धागाकर्ती
तिचं उभं बसतं! आत्ता बघितलं. एका बुटाला उभं, एकाला आडवं बांधून जिन्यात उड्या मारतेय, आधी कुठलं सुटतं ते बघायला.