मदत हवी आहे: विंडोज ११ साठी फक्त सिक्युअर बूट (पीसी सुरू होताना खात्रीचंच सॉफ्टवेअर चालू देणारी सोय) अडलंय, फॉरमॅट न करता मार्ग आहे का?

घरचा डेस्कटॉप आहे: आय५-८४००, ८ जीबी रॅम, २४० जीबी एसएसडी, विंडोज १० होम २२एच२, ६४ बिट. विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि याच मशीनवर बाबांच्या दुकानाचे हिशेब असतात, म्हणून काळजी वाटते.

मायक्रोसॉफ्टच्या पीसी हेल्थ चेक या तपासणी ॲपने आधी टीपीएम २.० (सुरक्षेची चिप) आणि सिक्युअर बूट दोन्हींवर फुली दाखवली होती. बायोसमध्ये (मदरबोर्डच्या सेटिंगमध्ये) इंटेल पीटीटी, म्हणजे इंटेलचं अंगभूत टीपीएम, चालू केलं. आता टीपीएम.एमएससी उघडलं की २.० दिसतं, तेवढं सुटलं. पण सिस्टिम इन्फर्मेशनमध्ये बायोस मोड 'लेगसी' (जुनी पद्धत) येतो आणि डिस्क एमबीआर, म्हणजे जुन्या पार्टिशन पद्धतीची, आहे; सिक्युअर बूटला यूईएफआय हा नवा मोड लागतो आणि त्यासाठी डिस्क जीपीटी या नव्या पद्धतीची हवी. डेटा न पुसता हे रूपांतर करणारं विंडोजचं टूल एमबीआर२जीपीटी नुसतं व्हॅलिडेट करून पाहिलं, तर डिस्क लेआउट व्हॅलिडेशन फेल झालं. एसएसडीवर चार प्रायमरी पार्टिशन आहेत: सिस्टिम रिझर्व्हड, सी, डी आणि रिकव्हरी. तीनपेक्षा जास्त चालत नाहीत असं वाचलं, घोडं तिथेच अडलं असावं.

बॅकअप बाहेरच्या डिस्कवर घेतलाय, बिटलॉकर (डिस्क एन्क्रिप्शन) बंद आहे, वेगळं ग्राफिक्स कार्ड नाही. नव्याने इन्स्टॉल करणं मात्र जमणार नाही. हिशेबाच्या सॉफ्टवेअरची सीडी सापडत नाही. रजिस्ट्रीत बदल करून अट टाळायचीही नाही, अपडेट नीट यायला हवेत.

डीमधला डेटा हलवून ते पार्टिशन उडवलं तर रूपांतर होईल, की रिकव्हरी काढणं बरं? आणि बायोस यूईएफआयवर रूपांतराआधी न्यायचं की नंतर?